१७७६ ची अमेरिकी काँटिनेंटल डॉलरची नोट खरी कशी ओळखायची? आणि इंग्रजांनी खोट्या नोटा छापल्या म्हणूनच हे चलन बुडालं का?

दुसरा प्रश्न आधी. नाही. हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. १७७५ ते १७७९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या मध्यवर्ती सभेने, युद्धाच्या खर्चासाठी साधारण २४ कोटी कागदी डॉलर (हेच काँटिनेंटल डॉलर) छापले आणि तिला कर बसवायचा अधिकारच नव्हता. पहिल्या नोटा वसाहतींनी १७७९ पासून चार वार्षिक हप्त्यांत कर गोळा करून परत घ्यायच्या, असं ठरलं होतं. कर लावणार कोण? मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसने ४० कागदी डॉलरला १ चांदीचा असा भाव मान्य केला. दिवाळं घरातूनच निघालं.

आता तुमची नोट. पिवळसर आणि हातात कडकड वाजणारी असेल तर ती पर्यटकांना विकतात ती नक्कल. पुढचं वाचू नका. खरा कागद चिंध्यांचा, जाडसर आणि मऊ असतो. उजेडात तिरका धरला की अभ्रकाचे कण चमकतात, निळे धागेही दिसतात. क्रमांक आणि सह्या हाताने शाईत केलेल्या, त्यामुळे भिंगाखाली शाईचा ओघ कुठे जाड, कुठे बारीक दिसायला हवा. सह्या छापील असतील तर विषय संपला.

मग नोट उलटा. मागे छापलेलं झाडाचं पान ही मुद्रक आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिनची करामत. खरं पान ओल्या कापडावर ठेवून प्लास्टरमध्ये दाबायचं आणि त्या साच्यात छापखान्यातल्या खिळ्यांचा (अक्षरांच्या ठशांचा) धातू ओतून ठसा घ्यायचा. शिरा देठाकडे जाड, टोकाकडे हळूहळू केसासारख्या होतात. कोरणाऱ्याच्या हाताला हे साधत नाही. त्याच्या शिरा एकसारख्या जाडीच्या उतरतात. गंमत म्हणजे काही जुन्या खोट्या नोटा अस्सलपेक्षा देखण्या आहेत. अस्सल मजकूर खिळे जुळवून छापलेला, जरा ओबडधोबड. खोटा तांब्याच्या पत्र्यावर सुबक कोरलेला. फार सुबक अक्षर दिसलं की संशय घ्या.

पानाची खूण १ ते ८ डॉलरपर्यंतच. एक डॉलरपेक्षा कमी किमतीच्या नोटांवर मागे १३ गुंफलेल्या कड्या असतात आणि सही एकच.

बाकी इंग्रजांनी काहीच केलं नाही, असं नाही. १७७७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात आली होती: दुसऱ्या वसाहतींत जाणाऱ्यांना काँग्रेसच्या खोट्या नोटा नुसत्या कागदाच्या भावात, रिमाच्या (कागदाच्या गठ्ठ्याच्या) हिशोबाने मिळतील. २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ या तारखांच्या नोटा खोट्यांच्या सुळसुळाटामुळे काँग्रेसला परत मागवाव्या लागल्या. पण तोवर भाव घसरलेलाच होता.