पहिल्या टप्प्यातील एंडोमेट्रिऑसिसवर कोणते उपचार घ्यावेत? लग्न केल्याने तो बरा होतो का?

आपण लिहिले आहे की कराडच्या आपल्या 24 वर्षांच्या बहिणीला दुर्बिणीच्या तपासणीत पहिल्या टप्प्यातील एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) निघाला, डॉक्टरांनी रोज एक हार्मोनची गोळी सांगितली आणि घरचे मात्र लग्न लावून दिले की दुखणे थांबेल असे म्हणतात. मी डॉक्टर नाही. माझे स्वतःचे निदान 26व्या वर्षी मिरजेत झाले, त्याआधीची नऊ वर्षे मी हे दुखणे अंगावर काढले.

लग्नाचे आधी लिहिते, कारण मलाही तेच सांगितले गेले होते. गरोदरपणात पाळी बंद असल्याने काही जणींना आराम पडतो, सर्वांना नाही, आणि बाळंतपणानंतर दुखणे परत येऊ शकते. युरोपातील तज्ज्ञांच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केवळ उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. बहिणीने लग्न तिला करायचे असेल तेव्हा करावे; ते औषध नव्हे.

पहिला टप्पा म्हणजे दुखणेही किरकोळ, असे घरच्यांना वाटत असेल तर तेही खरे नाही. टप्पा ठरतो तो गर्भाशयाबाहेर अस्तरासारखी ऊती किती व कुठे पसरली आहे यावरून, आणि त्याचा वेदनेच्या तीव्रतेशी मेळ बसतोच असे नाही. या ऊतीचे लहान ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतही नाहीत. माझ्या तीन सोनोग्राफी नॉर्मल आल्या आणि एका डॉक्टरांनी हे मनाचे दुखणे असल्याचे सांगितले. आमच्या तासगावकडे ओटीपोट आवळून धरून बायका द्राक्षाच्या छाटणीला जातात, त्यामुळे मलाही ते पटले होते.

वेदनाशामक गोळी दुखणे वाढण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच, जेवणानंतर घ्यावी. मात्र ती आजाराला आवर घालत नाही. ते काम हार्मोनचे. मी घेतलेली डायनोजेस्टची 2 मिलिग्रॅमची रोजची गोळी बीजनिर्मिती रोखते आणि त्या ऊतीची वाढ दाबून ठेवते. पहिले चार महिने मला अधूनमधून डाग लागत होते, मन उदास असे, आणि मी गोळी सोडण्याच्या बेतात होते. पुढे पाळी थांबली आणि दुखणेही. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्याही खंड न पाडता घेता येतात, परंतु डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी होत असेल किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल, तर त्या चालत नाहीत. हार्मोन सोडणारे साधन गर्भाशयात बसवण्याचाही पर्याय आहे, मात्र ते म्हणजे तांबी नव्हे. तांबीने रक्तस्राव आणि दुखणे वाढू शकते. पाळी पूर्ण बंद करणारी इंजेक्शने हाडे ठिसूळ करतात, म्हणून इतक्या लवकर ती सहसा देत नाहीत.

हार्मोनने आजार दबतो, मुळापासून जात नाही, आणि त्याने मूल होण्याची शक्यता वाढत नाही. गोळी चालू असेपर्यंत बहुधा दिवसच जात नाहीत. मूल हवे असते तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार वेगळा होतो. कॅनडातील 1997च्या एका अभ्यासात, मूल होत नसलेल्या आणि सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या 341 स्त्रियांपैकी काहींचे ठिपके दुर्बिणीतून काढले किंवा जाळले, तर इतरांचे नुसते पाहिले. 36 आठवड्यांत गर्भ राहून तो 20 आठवड्यांपुढे टिकण्याचे प्रमाण पहिल्या गटात शंभरात सुमारे 31 आणि दुसऱ्यात सुमारे 18 होते.

म्हणूनच आपण जे लिहिलेले नाही, ते मला विचारावेसे वाटते: दुर्बिणीतून पाहताना बहिणीचे ठिपके काढले, की फक्त पाहिले? डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्या. काढले असतील तर ही गोळी दुखणे परत येऊ नये म्हणून आहे. काढले नसतील आणि सध्या मूल नको असेल, तर पुन्हा भूल देण्याआधी काही महिने गोळीला संधी देणे मला योग्य वाटते. त्या भेटीत डॉक्टरांशी बहिणीला स्वतः बोलू द्या, आणि दुखण्याच्या तारखा लिहिलेली वही तिच्या हातात असू द्या.