बर्फात शेकडो वाघिणी?

प्रश्न असा आहे: शिकागोजवळच्या एका रेल्वे यार्डाचा डिसेंबर १९४२ मधला रंगीत फोटो आहे, आणि त्याखाली मराठीत ओळ आहे, ‘बर्फात उभ्या असलेल्या शेकडो वाघिणी’. फोटोत वाघ नाही की वाघीण नाही. मग ही छपाईतली गफलत, यंत्राने केलेलं भाषांतर, की असा शब्द खरंच आहे? शिवाय त्या काळात रंगीत फोटो कुठला, तो ‘रंगवलेला’ म्हणायला हवा ना, अशी पुरवणीही जोडली आहे.

शब्द अस्सल आहे. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. ‘मालगाडीच्या वाघिणी रुळांवरून घसरल्या’ हे वाक्य वर्तमानपत्रात अधूनमधून दिसतंच. मूळ शब्द वॅगन. तो आपल्या तोंडात बसेना, म्हणून कानाला ओळखीच्या शब्दाकडे सरकला आणि वाघीण झाला. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, प्लॅटूनची पलटण झाली, त्यातलाच हा प्रकार. मालगाडी ती, म्हणून वाघीणही ती. चालतेही अगदी खऱ्या वाघिणीसारखी: वाघिणीत कोळसा भरला, वाघिणींची दारं उघडली. माणसं बसतात तो मात्र डबाच. लोकलच्या डब्याला कुणी वाघीण म्हणत नाही.

यंत्राचा संशय तर उलट इथेच फिटतो. वॅगन हा ब्रिटिश रेल्वेचा शब्द, तोच आपल्याकडे आला. अमेरिकन रेल्वेवाले त्याच वस्तूला ‘कार’ म्हणतात. यंत्राने भाषांतर केलं असतं तर ‘बर्फात शेकडो मालवाहू कार’ असं काहीतरी हाती आलं असतं. वाघीण लिहिणाऱ्याला रुळांची ओळख आहे.

फोटो बहुधा छायाचित्रकार जॅक डेलानो यांचा असावा. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या प्रोव्हिसो यार्डात त्यांनी त्या हिवाळ्यात अमेरिकन सरकारसाठी काम केलं. तपकिरी-तांबूस वाघिणींच्या रांगा, मधून पांढरा बर्फ, वर इंजिनांची वाफ. हे यार्ड ‘हंप’ पद्धतीचं. म्हणजे मधोमध एक टेकाड. इंजिन मागून ढकलत वाघिणींची माळ टेकाडावर चढवतं, माथ्यावर जोड सोडतात, आणि सुटी वाघीण आपल्याच वजनाने उताराला लागते. खाली सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड, बदलून तिला ज्या गावच्या गाडीत जायचं त्या मार्गावर वळवतात. वेग फार झाला तर रुळाला लावलेले चिमटे चाकं दोन्ही बाजूंनी आवळतात. सांधे आणि चिमटे, दोन्ही मनोऱ्यात बसलेला माणूस चालवतो. आपल्याकडे रुळाशी उभं राहून हाताने सांधे बदलणारा तो सांधेवाला. या शब्दालाही भाषांतराचा वास नाही. यार्डाला मात्र यार्डच म्हणावं. ‘प्रांगण’ म्हटलं की शाळेची प्रार्थना आठवते.

आता रंगाचं. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली बाजारात आली. डेलानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले असे सुमारे १६०० रंगीत फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. तेव्हा तो फोटो रंगीतच. कृष्णधवल फोटोवर नंतर हाताने किंवा संगणकाने रंग चढवला, तर तो रंगवलेला. हल्ली दोन्हींना सरसकट रंगीत म्हणतात, ते बरोबर नाही. पहिल्यात वाघिणीचा तांबडा रंग त्या दिवशी फिल्मवर उमटला आहे, दुसऱ्यात तो कुणीतरी अंदाजाने दिला आहे.

‘बर्फ’ की ‘हिम’? बर्फ. आकाशातून पडलेला आणि फ्रिजमधला, दोन्ही आपल्याला बर्फच. हिमवर्षाव, हिमवादळ अशा जोडशब्दांत हिम शोभतं, पण ‘हिमात उभ्या वाघिणी’ म्हटलं तर वाचणारा थेट सैबेरियात जाईल.

आणि खरी अडचण तीच आहे. शब्द बरोबर असला तरी एकट्याने उभा राहू शकत नाही. चंद्रपूरचं उदाहरण घ्या. तिथे कोळशाच्या वाघिणीही आहेत आणि ताडोबाच्याही. गोंदिया–बल्लारपूर मार्गावर रेल्वेच्या धडकेने वाघ मेल्याच्या बातम्याही आलेल्या आहेत. अशा ठिकाणी नुसतं ‘रुळांवर वाघीण’ लिहिलं तर वनखात्याला फोन जातील. तिथले बातमीदार म्हणूनच आधी ‘मालगाडीच्या’ किंवा ‘कोळशाच्या’ हा शब्द घालतात, मग पुढच्या वाक्यांत नुसती वाघीण चालते. फोटोखालच्या ओळीला पुढचं वाक्य नसतं, त्यामुळे तिथे तर तो हवाच. ‘प्रोव्हिसो यार्डात बर्फात उभ्या मालगाड्यांच्या वाघिणी, डिसेंबर १९४२’ एवढं पुरे. ‘असलेल्या’ची गरज नाही, आणि कुणी मोजल्या नसतील तर ‘शेकडो’चीही.