गळा बदलला की गिटारही बदलते

प्रश्न : ब्लॅक सबॅथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 1970चा 'पॅरानॉइड' आणि 1980चा 'हेवन अँड हेल' हे दोन अल्बम मी लागोपाठ ऐकले. गिटार, बास आणि ड्रम वाजवणारे तिघेही तेच आहेत, तरी दुसऱ्या अल्बममधला बँड निराळाच वाटतो. केवळ गायक बदलल्याने एवढा फरक पडतो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पडतो, मात्र तो केवळ आवाजाच्या पोतामुळे पडत नाही. 1979मध्ये गायक ऑझी ऑस्बर्न यांना बँडमधून काढण्यात आले आणि रेनबो या बँडमध्ये गाजलेले रॉनी जेम्स डिओ आले. खरा बदल झाला तो गिटार आणि गळा यांच्या नात्यात. 'पॅरानॉइड'मधील 'आयर्न मॅन' ऐकून पाहा. टोनी आयोमी गिटारवर जी धून, म्हणजे रिफ, वाजवतात, तिच्याच स्वरांवर ऑझी शब्द ठेवत जातात. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, तर इथे गायकच वाद्याची साथ करतो आहे, असे म्हणावे लागेल. ऑझींच्या आवाजाचा पल्ला मर्यादित होता. पण त्या सपाट, काहीशा रडव्या सुरामुळेच रिफचे वजन दुप्पट होई, आणि ही उणीव होती असे मला वाटत नाही.

डिओ रिफच्या मागे जात नाहीत. ते तिच्यावरून स्वतःची चाल ओढत नेतात आणि तार सप्तकातही भरीव आवाजात टिकून राहतात. असा गायक लाभल्यावर आयोमींना प्रत्येक ओळीखाली रिफ वाजवत राहण्याची गरज उरली नाही. ते मोकळे सूर लावून थांबू लागले आणि एकल वादनालाही अधिक ऐसपैस जागा मिळाली. पूर्वी बहुतेक गीते बासवादक गीझर बटलर लिहीत असत. ते काम डिओंकडे गेल्यावर युद्ध, व्यसन आणि वेडाची भीती हे विषय मागे पडून रूपककथांची भाषा आली.

तरीही सगळे श्रेय किंवा दोष गायकाच्या पदरात टाकू नये. निर्माता म्हणून मार्टिन बर्च आले होते आणि त्यांनी ध्वनिमुद्रण बरेच स्वच्छ केले. शिवाय कारखान्यातील अपघातात दोन बोटांची टोके गमावलेल्या आयोमींनी तारांचा ताण हलका व्हावा म्हणून 1971च्या अल्बममधील काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली होती. 1980मध्ये ती एकच अर्धस्वर खाली आहे, त्यामुळे 1971च्या त्या गाण्यांतला चिखलात रुतल्यासारखा जडपणाही कमी झाला.

पुन्हा ऐकताना 'आयर्न मॅन'चे पहिले कडवे आणि 'हेवन अँड हेल' या शीर्षकगीताचे पहिले कडवे पाठोपाठ लावा. दुसऱ्या गाण्यात डिओ गाऊ लागताच ती भारदस्त रिफ बाजूला होते आणि बटलर यांचा बास जवळजवळ एकटाच खाली चालत राहतो.