राजा नाही, मग राजद्रोह कोणाचा?

प्रश्न असा आलाय: पेंटॅगॉन पेपर्सवरच्या, म्हणजे व्हिएतनाम युद्धाविषयीच्या गोपनीय अमेरिकी कागदांवरच्या, एका मराठी लेखात ते कागद बाहेर काढणारे डॅनिएल एल्सबर्ग यांच्यावर एका ठिकाणी 'राजद्रोहाचा', पुढे 'देशद्रोहाचा' आणि शेवटी 'हेरगिरीचा' खटला चालल्याचं लिहिलंय. हे तिन्ही एकच का? आणि अमेरिकेत राजाच नाही, तर राजद्रोह कुठून आला?

एकच नाहीत. एल्सबर्ग यांच्यापुरते पहिले दोन शब्द साफ चूक आहेत. तिसरा कायद्याच्या नावाला धरून आहे, पण तोही सरळ वापरू नये असं मला वाटतं. ते पुढे सांगतो.

आधी राजा. राजपत्र, राजदूत, राजभाषा हे शब्द आपण प्रजासत्ताकात बिनदिक्कत वापरतो. त्यातला 'राज' म्हणजे राज्यसत्ता. 'राजद्रोह' वर्तमानपत्री मराठीत रुळला तो टिळकांच्या खटल्यांमुळे, दंडविधानाच्या १२४अ कलमासाठी. १८९७ साली गादीवर राणी होती, म्हणून कोणी 'राणीद्रोह' लिहिलं नाही! त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. एवढी सैल व्याख्या! म्हणजे राजद्रोह हा मुख्यतः शब्दांनी होणारा गुन्हा: बोललात, लिहिलंत, लोकांचं मन सरकारवरून उडवलंत.

या अर्थाने अमेरिकेत राजद्रोह नक्कीच झाला, आणि दोन्ही वेळा युद्धाच्या वाऱ्यात. १७९८ साली फ्रान्सशी तंटा चिघळला असताना अध्यक्ष ॲडम्स यांच्या पक्षाने कायदा केला. अध्यक्षाची आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, बदनामी गुन्हा ठरली. उपाध्यक्षाची मात्र नाही, कारण उपाध्यक्ष होते विरोधी गोटातले जेफरसन. व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेले आणि तिथूनच पुन्हा निवडून आले. दुसरा कायदा मे १९१८ चा, पहिल्या महायुद्धातला. शासनपद्धती, राज्यघटना, सैन्य, झेंडा, इतकंच काय, सैनिकांचा गणवेश, यांविषयी अपशब्द काढले तर २० वर्षांपर्यंत कैद. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांनी जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन इथे युद्धविरोधी भाषण केलं आणि त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली, नऊ लाखांहून अधिक मतं मिळवली. त्यांच्याविषयी मराठीत 'राजद्रोह' खुशाल लिहा.

'देशद्रोह' मात्र तिथे फार कडक शब्द आहे. अमेरिकेच्या घटनेतच व्याख्या असलेला हा एकमेव गुन्हा: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं. वर अट अशी की एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर कोर्टात कबुली हवी. नुसत्या भाषणाने किंवा बातमीने हा गुन्हा होत नाही. आपल्याकडे टीव्हीवरच्या भांडणात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी इतके सर्रास फेकले जातात की फरक सांगणाराच आता किरकिरा वाटतो. तरी सांगतो.

आता तिसरा शब्द, आणि खरी गंमत इथे आहे. जून १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा नावाने हेरांसाठी होता, पण त्यात सैन्यात बेदिली माजवण्याची आणि सैन्यभरतीत अडथळा आणण्याची कलमंही होती. तीच गळ्यात पडली ती संपादकांच्या, वक्त्यांच्या. डेब्स यांना याच कायद्याच्या १९१८ च्या वाढीव रूपाखाली शिक्षा झाली. रॉबर्ट गोल्डस्टीन नावाच्या निर्मात्याने अमेरिकन क्रांतीवर मूकपट काढला, त्यात ब्रिटिश सैनिकांचे अत्याचार दाखवले. पण १९१७ मध्ये ब्रिटन दोस्त होता! गोल्डस्टीनला १० वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर कमी केली गेली. ज्या राजाविरुद्ध बंड करून देश उभा राहिला त्याच राजाच्या शिपायांची बदनामी अंगाशी आली. याला कुठला द्रोह म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. हेरगिरी मात्र नक्की नव्हे.

वर्तमानपत्रांचं वागणंही लक्षात ठेवण्यासारखं आहे. या कायद्यात बातम्यांवर थेट सेन्सॉरशिप असावी असा अध्यक्ष विल्सन यांचा आग्रह होता. मोठ्या वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि काँग्रेसने ते कलम गाळलं. पण पोस्टमास्टर जनरल बर्लसन यांनी 'द मासेस' मासिकाचा अंक टपालातून अडवला, 'मिलवॉकी लीडर' या वर्तमानपत्राची टपालसवलत काढून घेतली, तेव्हा तेवढी ओरड ऐकू आली नाही. परभाषिक पत्रांना तर सरकारविषयी किंवा युद्धाविषयी काही छापायचं तर इंग्रजी भाषांतर पोस्टमास्तरकडे दाखल करावं लागे. मराठी वाचकाला इथे १९०८ चा खटला आठवेल. 'केसरी'तले लेख कोर्टासमोर आले ते सरकारी भाषांतरातून, आणि टिळकांनी एकेका शब्दाच्या भाषांतरावर वाद घातला होता.

परत एल्सबर्ग यांच्याकडे. व्हिएतनाम युद्धाचा सुमारे ७,००० पानांचा गोपनीय इतिहास त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला दिला. १३ जून १९७१ पासून तो छापून येऊ लागला. सरकारने छपाईला मनाई मागितली. ती ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी नाकारली. एल्सबर्ग यांच्यावर मात्र त्याच १९१७ च्या कायद्याखाली, शिवाय चोरी आणि कटाचे, आरोप ठेवले गेले. मे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी सरकारच्याच गैरकृत्यांमुळे खटला निकालात काढला. एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी झाल्याचं तोवर उघड झालं होतं. म्हणून 'हेरगिरीचा खटला' लिहिलं की वाचकाला वाटतं, गडी मॉस्कोला कागद पोचवत होता. 'हेरगिरीविरोधी कायद्याखाली खटला' लिहावं. एकच शब्द वाढतो.

जाता जाता, त्या लेखात 'पेपर फुटले' असंही आहे. व्याकरण ठीक आहे, पण आपल्याकडे पेपर फुटतो तो बारावीचा. 'गौप्यस्फोट' चालला असता, पण पत्रकार परिषदेत कोणी तोंड उघडलं तरी तो होतो, इतका तो झिजलाय. मी 'गोपनीय कागद बाहेर काढले' असं लिहीन; कोणी काढले हेही त्यात सांगावंच लागतं.