खोक्यावरचा आकडा आणि पाटीवरचा आकडा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या दोन बेडरूमच्या घरात दसऱ्याआधी राहायला जायचे आहे, घरात सासूबाई धरून पाच माणसे आहेत, नव्या वस्तूंसाठी सुमारे एक लाख रुपये बाजूला काढले आहेत आणि ‘सर्वाधिक खपणाऱ्या’ वस्तूंच्या याद्या वाचून एअर फ्रायर, बुलेट मिक्सर, इंडक्शन शेगडी, ५५ इंची टीव्ही, साउंडबार व प्रोजेक्टर यांपैकी काय घ्यावे हे ठरत नाही.

माझे मत आधीच सांगतो. अशा प्रत्येक वस्तूवर दोन आकडे असतात. एक खोक्यावर ठळक छापलेला असतो आणि यादीत तोच येतो. दुसरा वस्तूच्या तळाशी किंवा पाठीमागे लहान पाटीवर असतो आणि व्होल्टेज, वॅट, सलग किती वेळ चालवायचे, मानक चिन्ह व परवाना क्रमांक ही माहिती त्यावर असते. खरेदी पाटीवरच्या आकड्यावरून करावी आणि तो आकडा आपल्या घराच्या तारा, भांडी, दिवाणखान्याची लांबी व पाणी यांच्याशी ताडून पाहावा. तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तूंचा निर्णय एवढ्यानेच लागतो.

सर्वांत आधी स्वयंपाकघरातले पॉइंट मोजा, कारण हे काम सामान हलवण्यापूर्वीच सोपे असते. साधे सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅटपर्यंतचे असते. एअर फ्रायर व विजेची किटली साधारण १,५०० वॅटच्या आणि इंडक्शन शेगडी २,००० वॅटपर्यंतची असते. या तिन्ही वस्तूंना १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन एका पॉइंटवर एकाच वेळी चालवू नयेत. साध्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून त्यावर एअर फ्रायर लावला तर प्लग तापतो, सॉकेट पिवळे पडते आणि आतली तार हळूहळू जळत जाते. बिल्डरने ओट्यावर एकच पॉवर पॉइंट दिला असेल, तर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी (ताण वाढला की वीज तोडणारी कळ) घालून दुसरा पॉइंट काढून घ्या आणि त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या. या खर्चाची रक्कम एक लाखातून पहिल्यांदा बाजूला काढावी, असा माझा आग्रह आहे.

आता मिक्सर. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणत्याही यंत्रापेक्षा यालाच जास्त राबावे लागते, म्हणून येथे पैसा वाचवू नये. मिसळीचे आणि काळ्या रश्श्याचे वाटण म्हणजे भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खडा मसाला. हे मिश्रण कोरडे, तेलकट आणि चिवट असल्यामुळे मोटरवर चटणीच्या कितीतरी पट ताण येतो. पाच माणसांच्या घरात आठवड्यातून अनेकदा वाटण होत असेल, तर ७५० वॅटचा, तांब्याच्या वाइंडिंगचा आणि किमान तीन जारचा मिक्सर घ्यावा. ५०० वॅटचा मिक्सर ताक, चटणी आणि इडलीच्या थोड्या पिठापुरता ठीक आहे. मात्र वॅट म्हणजे मोटर किती वीज घेते याचा आकडा असून ती किती बारीक वाटते हे त्यावरून कळत नाही. वाटण कसे होईल हे पात्याच्या आकारावर, पाते आणि जारचा तळ यांतल्या अंतरावर आणि जारच्या आतल्या उभ्या पन्हळींवर ठरते. म्हणून दुकानात जारचे झाकण उघडून बघा, पाते बोटाने हलवून ते डगमगते का पाहा आणि लहान जारमध्ये चार लवंगा तरी नीट फिरतील इतके पाते तळाला लागून आहे का, याची खात्री करा.

पाटीवर सलग चालवण्याची मर्यादा लिहिलेली असते, तीही वाचा. काही मिक्सरवर ती तीस मिनिटांची असते, तर बुलेट प्रकारच्या लहान यंत्रांवर बहुधा एखाद्या मिनिटाची. यावरून बुलेट मिक्सर कशासाठी आहे हे स्पष्ट होते : डाळिंबाचा रस, मुलांचे मिल्कशेक, एखादी ओली चटणी. मुख्य मिक्सर चांगला असताना तो वेगळा घेण्याचे मला कारण दिसत नाही.

मिक्सर निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्याचा कपलर (मोटरची गती जारला देणारे दातेरी चाक) आणि जारचा बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) नाशिकमध्ये सहज मिळतो का. नायलॉनचा कपलर झिजतो किंवा तुटतो, आणि जार अडकल्यावर मोटरऐवजी तो स्वस्त भाग गेलेलाच चांगला. मात्र तो भाग मिळाला पाहिजे. नव्या, केवळ ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नावाचा मिक्सर घेण्यापूर्वी घराजवळच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात त्या नावाचा कपलर मागून पाहा. उत्तर तिथेच मिळेल. मिक्सर अचानक बंद पडला तर तो जळाला असे समजण्याची घाई करू नका. तळाशी ताण वाढल्यावर उडणारे बटन असते, बहुधा लाल रंगाचे. यंत्र थंड होऊ द्या, जारमधले वाटण कमी करा, बटन दाबा आणि पुन्हा चालवून पाहा. भाजलेला कांदा गरम असताना बंद जारमध्ये फिरवू नका. वाफेने झाकण उडते आणि रबरही लवकर खराब होते.

एअर फ्रायरविषयी घरोघरी वाद होतात. फिलिप्सने २०१० मध्ये तो बाजारात आणला, तेव्हापासून त्याचे नाव तळण्याशी जोडले गेले. प्रत्यक्षात तो पंखा असलेला लहान, वेगवान ओव्हन आहे, कारण त्यात गरम हवा जोरात फिरते आणि पदार्थ भाजला जातो. त्यामुळे शेंगदाणे, बटाट्याच्या फोडी, पनीर, कटलेट आणि तेलाचा हात लावलेले साबुदाणा वडे त्यात चांगले होतात. भज्यांचे पातळ पीठ जाळीतून गळते आणि पापड किंवा पातळ पोहे हवेने उडतात. खोक्यावर ‘४ लिटर’ असे लिहिलेले असले, तरी पदार्थ एकाच थरात पसरावा लागतो; पाच माणसांसाठी दोन खेपा धरून चाला. तुमच्याकडे आधीच कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर एअर फ्रायर घेऊ नका, कारण तेच काम थोड्या सावकाशीने त्यात होते. नसेल आणि केक, पाव, नानकटाई करण्याची हौस असेल, तर त्याच पैशांत ओटीजी, म्हणजे विजेचा लहान ओव्हन, अधिक उपयोगी पडेल. एअर फ्रायर केवळ तेल कमी करण्यासाठी हवा असेल आणि घरात मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर तो जरूर घ्यावा, असे मी म्हणेन.

इंडक्शन शेगडी गॅसला पर्याय म्हणून घ्यायची की गॅस संपल्यावरची सोय म्हणून, हे आधी ठरवा. तिच्यावर लोह असलेले, सपाट बुडाचेच भांडे चालते. फ्रिजवरचे चुंबक भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटले तर ते चालेल. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि काही प्रकारचे स्टीलसुद्धा चालत नाही. सासूबाईंची कल्हई केलेली पितळी पातेली असतील, तर ती गॅसवरच राहतील. खर्चाचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते; घरगुती गॅस शेगडीच्या भारतीय मानकात किमान ६८ टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे, म्हणजे भांड्यापर्यंत सुमारे १२२ युनिट पोहोचतात. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तेवढ्याच कामाला सुमारे १४५ युनिट लागतील. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि महावितरणच्या बिलावरील शेवटच्या टप्प्याचा दर वहन आकारासह घेऊन तुलना करा. भागाकार युनिटच्या दरापेक्षा जास्त आला, तरच इंडक्शन परवडते. शंभर आणि तीनशे युनिटनंतर दर चढतो, म्हणून वातानुकूलन यंत्र चालणाऱ्या घरात हा हिशेब उन्हाळ्यात बदलतो. बहुतेक घरांसाठी माझे मत असे की, एक साधी इंडक्शन शेगडी अडीअडचणीला असावी, मुख्य म्हणून नको.

प्रेशर कुकर घेणार असाल, तर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक कुकरवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने हे चिन्ह सक्तीचे झालेले आहे, तरीही चिन्हाशिवायचे कुकर ऑनलाइन विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये कारवाई केली होती. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकला की तो खरा आहे का हे लगेच समजते.

पाणी शुद्धीकरण यंत्र तुमच्या यादीत नाही, पण नव्या इमारतीत त्याचा प्रश्न येणारच. गंगापूर धरणातून महापालिका जे पाणी पुरवते, त्यात क्षार कमी असतात, आणि त्यासाठी आरओ लावणे म्हणजे चांगले पाणी वाया घालवणे होय. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजणारा मीटर स्वस्त असतो. भारतीय मानकानुसार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे. नळाचे पाणी त्याच्या बरेच खाली असेल तर यूव्ही व गाळणीचे यंत्र पुरेसे आहे.

टीव्हीकडे येऊ. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि दोनाने भागा. ४के टीव्हीसाठी साधारण तेवढ्या इंचांचा पडदा सुखाचा होतो. आठ फुटांना ४८ आणि नऊ फुटांना ५४ असा आकडा येतो, म्हणून तुमचे अंतर एवढेच असेल, तर ५० किंवा ५५ इंची टीव्ही बसेल. मात्र सासूबाई दिवसभर केबलवरच्या मालिका पाहणार असतील, तर त्यातल्या कमी स्पष्टतेच्या वाहिन्या मोठ्या पडद्यावर धूसर दिसतात. अशा घरात ४३ इंची टीव्हीचे समाधान अधिक मिळते. दुकानात कायम चालू असलेली निसर्गाची चित्रफीत पाहून निर्णय घेऊ नका. विक्रेत्याला सह्याद्री वाहिनी किंवा एखादी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि माणसांच्या चेहऱ्याचा रंग, तसेच धावणारी पट्टी नीट वाचता येते का, हे पाहा.

टीव्हीवरही दोन आकड्यांचा प्रश्न आहेच. खोक्यावर ‘मोशन २००’ असे काही छापलेले असले, तरी पॅनेलचा खरा रिफ्रेश दर, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, ६० हर्ट्झ असू शकतो. माहितीपत्रकात ‘पॅनेल’ शब्दासमोर काय लिहिले आहे ते बघा. ‘एचडीआर’ म्हणजे उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवणारे चित्र, आणि ‘एचडीआर सपोर्ट’ याचा अर्थ टीव्ही तो सिग्नल घेतो इतकाच. तो दाखवायला पुरेसा उजेड आहे का, हे निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचे माप) आकड्यावरून कळते. बीईईच्या (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) तारांकन लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेले असते, आणि ताऱ्यांपेक्षा तो आकडा महत्त्वाचा. २ जीबी रॅमपेक्षा कमी असलेला स्मार्ट टीव्ही पुढे ॲप्स उघडताना अडखळू लागतो. नेटफ्लिक्स ४के मध्ये पाहायचे असेल तर १५ एमबीपीएस इंटरनेट आणि त्यांचा सर्वांत वरचा प्लॅन लागतो. तो घेणार नसाल, तर ४के साठी जास्त पैसे देताना विचार करा.

प्रोजेक्टर माझ्या मते यादीतून काढून टाकावा. स्वस्त प्रोजेक्टरवर हजारो ल्युमेन (उजेडाचे माप) छापतात, पण प्रमाणित मोजणीचे ॲन्सी ल्युमेन फार कमी असतात. ‘४के सपोर्ट’ लिहिलेल्या यंत्राचे मूळ रिझोल्यूशन कित्येकदा ७२०पी किंवा त्याहूनही कमी असते. दिवसा खिडकीतून उजेड येणाऱ्या दिवाणखान्यात त्याचे चित्र फिके पडते.

आवाजासाठी मात्र पैसे जरूर ठेवा. बारीक टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात आणि संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवत राहावे लागते. वयस्कर माणसांना याचा सर्वाधिक त्रास होतो. ‘पीएमपीओ’ वॅट हा क्षणभराचा फुगवलेला आकडा असतो, त्याकडे दुर्लक्ष करा; सलग मिळणारे ‘आरएमएस’ वॅट पाहा. वॅटपेक्षाही, संवादासाठी मध्यभागी स्वतंत्र स्पीकर असलेला ३.१ साउंडबार घ्या आणि तो टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडा, म्हणजे एकाच रिमोटने आवाज कमीजास्त होतो.

मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात टीव्हीचा प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावी. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, हे पाटीवर दिसेल. त्यांना स्टॅबिलायझर लागत नाही, अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर लागतो.

दुकान की ऑनलाइन, यावर माझा कोणताही हट्ट नाही. एमजी रोडवर आणि शालिमारच्या बाजूला दोन दुकानांत लेखी किंमत घेऊन मग ऑनलाइन किमतीशी ताडून पाहा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे; मूळ किंमत तीच असेल तर एकूण किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून जुन्या छापील किमतीवरची सवलत दाखवली, तर त्यातली किती करातली आहे ते विचारा. टीव्ही आला की बसवणाऱ्या माणसासमोरच खोके उघडा आणि चित्रीकरण करा. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निराकरण महिन्याभरात व्हायला हवे. ते झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; २०१९ च्या कायद्याप्रमाणे विक्रेता कुठलाही असला, तरी तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते.

वायरिंगचा खर्च आधी बाजूला काढून, एक लाखातली निम्म्याच्या आतबाहेरची रक्कम टीव्हीला, नंतर मिक्सर, मग साउंडबार, आणि उरल्यास ओटीजी किंवा एअर फ्रायर, असा क्रम मी धरीन. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर, ओट्यावरच्या पॉवर पॉइंटची संख्या आणि नळाच्या पाण्याचा टीडीएस हे तीन आकडे येथे लिहा, म्हणजे नेमकी मॉडेल्स सुचवता येतील.