युद्धाची बातमी आणि तिच्यामागचा पैसा: वाचकांचे प्रश्न

युद्ध, भांडवल आणि माध्यमे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत एका रात्री टीव्हीवर कराची बंदर बेचिराख झाल्याचे सांगितले. नंतर कळले, तसे काही झालेच नव्हते. ‘मीडिया विकला गेलाय’ असे मी म्हणते, तर मुलगा म्हणतो, पुरावा दे. कोणत्या वाहिनीमागे कोण आहे हे सामान्य माणसाने कसे शोधायचे? (कोथरूड)

मुलाची मागणी रास्त आहे. ‘विकला गेलाय’ म्हणून आपण थांबलो तर समोरच्याला खोडून काढायलाही काही उरत नाही. मालकी कागदावर असते आणि ती घरबसल्या बघता येते.

वाहिनी चालवणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर तिचे नाव टाका आणि ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ उघडा. सेबी या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत हा तक्ता द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, यादी पाहा. तिथे माणसांची नावे असतील तर काम सोपे. बहुतेकदा मात्र तिथे दुसऱ्याच कंपनीचे नाव असते, आणि पुष्कळ जण तिथेच हात टेकतात. ते नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शोधा. संचालक आणि पत्ता फुकट दिसतो. १०० रुपये भरले की त्या कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात. त्यातले दोन अर्ज उघडा: एमजीटी-७ मध्ये भागधारक आणि एओसी-४ मध्ये ताळेबंद. ताळेबंदात कर्जाचा भाग जरूर वाचा. कर्ज कोणी दिले, तारण काय, फेडले नाही तर काय होईल, हे सगळे टिपांमध्ये बारीक अक्षरात असते.

कर्ज का बघायचे, हे एनडीटीव्हीच्या उदाहरणावरून कळेल. संस्थापकांच्या आरआरपीआर होल्डिंग या कंपनीकडे वाहिनीचे २९.१८ टक्के शेअर होते. या कंपनीने २००९-१० मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून ४०३.८५ कोटी रुपये घेतले आणि बदल्यात आरआरपीआरचे जवळजवळ सगळे शेअर मिळवण्याचा हक्क लिहून दिला. पुढची बारा वर्षे प्रवर्तकांच्या तक्त्यात संस्थापकच दिसत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने थेट विश्वप्रधानच विकत घेतली आणि तो हक्क वापरला. डिसेंबरअखेर समूहाचा वाटा ६४ टक्क्यांच्या पुढे गेला. याच समूहाची संरक्षण कंपनी ड्रोन, बंदुका आणि दारूगोळा बनवते. युद्धसामग्री विकणारा आणि युद्धाची बातमी सांगणारा मालक एकच असणे हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे. तो प्रेक्षकाला पडद्यावर सांगितला गेला पाहिजे.

तरीही कराचीच्या त्या रात्रीचे पुरते उत्तर मालकीत मिळणार नाही. वेगवेगळ्या मालकांच्या वाहिन्या तेच सांगत होत्या. तिथे धंद्याची रचना बघावी लागते. परदेशात बातमीदार ठेवणे महाग, स्टुडिओत सहा जणांना भांडायला बसवणे स्वस्त. जाहिरातीचा दर टीआरपीवर, म्हणून शेजारच्या वाहिनीने ‘ब्रेकिंग’ लावले की आपणही लावायचे. त्यात २६ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचे थेट चित्रण करू नका अशी सूचना दिलेली. खरे दाखवता येत नाही आणि चोवीस तास तर भरायचे आहेत, मग अफवा, जुनी दृश्ये आणि भोंगे यांनीच ते भरतात. हवाई हल्ल्याचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका असे सरकारला १० मे रोजी सांगावे लागले. लोकांना खऱ्या भोंग्याचे गांभीर्य वाटेनासे होईल, ही भीती त्यामागे होती.

आमच्या वाचनमंडळाला दोन मराठी दैनिकांतल्या युद्धवार्तांचा महिनाभर अभ्यास करायचा आहे. नेमके काय मोजायचे? (नारायण पेठ)

सगळ्यात आधी स्रोत मोजा. बातमी कोणाच्या तोंडून आली, यावर तिचा नूर ठरतो.

प्रत्येक बातमीतले प्रत्येक विधान घ्या आणि ते कोणाचे आहे ते लिहा: नाव दिलेला सरकारी किंवा लष्करी अधिकारी; निनावी ‘सूत्रे’; समोरच्या देशाचे सरकार; प्रत्यक्ष झळ बसलेले रहिवासी; निवृत्त लष्करी अधिकारी; इतर तज्ज्ञ; आंतरराष्ट्रीय संस्था; युद्धाला विरोध करणारे पक्ष, संघटना, कामगार. निवृत्त अधिकाऱ्यांचा रकाना तज्ज्ञांपासून वेगळाच ठेवा, कारण त्यांतले काही शस्त्रकंपन्यांचे सल्लागार असतात आणि बातमीत ते लिहिलेले नसते. पहिल्या चार परिच्छेदांची मोजणी स्वतंत्र करा. रहिवासी आणि विरोधक बातमीत असतातही, पण शेवटच्या परिच्छेदात, जिथपर्यंत फार थोडे जण वाचतात.

मग जागा मोजा. मोजपट्टीने उंची सेंटिमीटरमध्ये घ्या आणि तिला स्तंभांच्या संख्येने गुणा. मोठ्या आकाराच्या दैनिकाचे पान साधारण ८ स्तंभ आणि ५२ सेंटिमीटर, म्हणजे ४१६ स्तंभ-सेंटिमीटर धरा. फोटो आणि जाहिराती वेगळ्या नोंदवा. हे छापील अंकावरच करा. ई-पेपरवर पडदा लहानमोठा केला की आकडा बदलतो आणि दोघांची मापे जुळत नाहीत.

असे अभ्यास बहुतेक वेळा फसतात ते नोंदीतल्या ढिलाईमुळे. म्हणून सुरुवातीला त्याच ३० बातम्या दोघांनी एकमेकांना न विचारता नोंदवाव्यात. २४ पेक्षा कमी बातम्यांत जुळले तर नियम पुन्हा लिहा आणि परत ३० घ्या. दुसरी चूक वृत्तसंस्थेची. पीटीआयची एकच बातमी दोन्ही दैनिकांत आली की ती दोन स्वतंत्र साक्षी वाटते, प्रत्यक्षात साक्ष एकच असते. तिसरी चूक आवृत्तीची: शहर आवृत्ती आणि जिल्ह्यात जाणारी आवृत्ती यांच्या पहिल्या पानात फरक पडतो, तेव्हा दोन्ही दैनिकांची पुणे शहर आवृत्तीच घ्या. जुने अंक ग्रंथालयात बघणार असाल तर ते किती दिवस ठेवतात ते आधी विचारा. आणि तुलनेसाठी भारत ज्यात उतरलेला नाही अशा युद्धाच्या बातम्या, गाझाच्या किंवा युक्रेनच्या, त्याच पद्धतीने मोजा. ती जोड नसेल तर ‘सूत्रांचे प्रमाण जास्त’ या वाक्याला अर्थ नाही. जास्त कशापेक्षा?

एकच स्रोत दोन वाटांनी कसा येतो याचा धडा इराक युद्धात आहे. ८ सप्टेंबर २००२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापले की इराक अणुकार्यक्रमासाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत आहे. माहिती सरकारी गोटातलीच होती. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि नळ्यांसाठी त्याच वृत्तपत्राचा हवाला दिला. ऐकणाऱ्याला वाटले, सरकार म्हणते आणि स्वतंत्र वृत्तपत्रही म्हणते. ७ मार्च २००३ ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रमुखांनी सुरक्षा परिषदेत या दाव्याला आधार मिळत नसल्याचे सांगितले. तरी २० मार्चला बॉम्ब पडू लागले. टाइम्सने आपले वार्तांकन कमी पडल्याची कबुली दिली ती २६ मे २००४ ला, आतल्या पानावर. तुमच्या तक्त्यात ‘ही माहिती मूळ कोणाची’ हा रकाना म्हणूनच हवा.

घरात दोन पिढ्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. युद्धाविरुद्ध बोलले की घरचे म्हणतात, ज्या ताटात जेवतोस तेच लाथाडतोस. काय उत्तर द्यावे? (खडकी)

घरच्यांच्या बोलण्यात पोटाचा प्रश्न आहे, त्याला घोषणेने उत्तर देऊ नका.

खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. त्याला सगळ्या संघटनांनी मिळून विरोध केला, आणि संपाला बंदी घालणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेतून करून घेतला गेला. लष्कराला लागेल तेवढेच बनवणारे सरकारी खाते आणि दरवर्षी विक्री वाढवून दाखवावी लागणारी कंपनी, यांत फरक आहे. कंपनीला ऑर्डर हव्यात, त्या पुरल्या नाहीत की निर्यात हवी. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. ही वाढ यश म्हणून छापली जाते. माल कोणत्या युद्धात वापरला जातो हा प्रश्न त्या बातमीत सहसा नसतो.

पुण्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. एटीएजीएस तोफेचे मूळ काम पाषाणच्या एआरडीई या सरकारी प्रयोगशाळेचे. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्यांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला तो भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी. संशोधनाचा मोठा भार करदात्यावर, नफा भागधारकांचा. टीका या वाटणीवर आहे, लेथवर उभ्या असलेल्या माणसावर नाही.

रोजगाराचेही हिशेब झालेले आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेपुरते मांडले: एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० रोजगार, आरोग्यावर १७,२००, शिक्षणावर २६,७००. हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका, पगाराची रचना वेगळी आहे. युद्धसामग्री हा रोजगाराचा एकमेव मार्ग नाही एवढे त्यातून ठामपणे म्हणता येते. ब्रिटनमध्ये लुकास एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. त्याच यंत्रांवर, त्याच कौशल्याने काय बनवता येईल, अशा सुमारे १५० वस्तूंची यादी त्यांनी कंपनीपुढे ठेवली. त्यात डायलिसिस यंत्रे होती, हीट पंप होते. कंपनीने ती नाकारली. अशी यादी खडकीत कोणी करायला बसले तर सुरुवात यंत्रांच्या नोंदीपासून करावी: कोणते प्रेस, किती टनांचे, कोणत्या धातूसाठी. आणि स्फोटक भरण्याचे विभाग वेगळे काढावेत. त्या इमारती दुसऱ्या कामाला सहज वळत नाहीत, आणि हे लपवले तर कामगार पुढचे ऐकणार नाहीत.

डावे फक्त अमेरिकेच्या युद्धांवर बोलतात, हा आरोप खरा का? (औंध)

काहींच्या बाबतीत खरा आहे, आणि तो झटकू नये. युक्रेनवरच्या आक्रमणाला नाटोच्या विस्ताराचे कारण देऊन जे गप्प बसले, त्यांनी युद्धविरोधाची पत घालवली. डाव्यांमध्ये ही फूट जुनी आहे. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटांनी संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले. २ डिसेंबरच्या दुसऱ्या मतदानात त्याच पक्षाचे कार्ल लीबक्नेख्त एकटे विरोधात उभे राहिले. आपल्या देशाच्या सत्ताधाऱ्यांना प्रश्न आधी विचारायचा, ही कसोटी तेव्हाची आहे. मॉस्कोला आणि दिल्लीलाही तीच लावायची.

वृत्तपत्रांना सरकारी जाहिरातींतून किती पैसे मिळतात हे माहितीच्या अधिकारात मिळते का? (हडपसर)

मिळते, अर्ज नीट लिहिला तर. राज्याच्या जाहिरातींसाठी माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, महापालिकेच्या जाहिरातींसाठी महापालिकेचा जनसंपर्क विभाग, केंद्राच्या जाहिरातींसाठी सेंट्रल ब्युरो ऑफ कम्युनिकेशन. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो, ऑनलाइनही भरता येते.

‘अमुक वृत्तपत्राला जास्त जाहिराती का दिल्या’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. असे लिहा: ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात दैनिकांना दिलेल्या जाहिरातींची वृत्तपत्रनिहाय एकूण रक्कम दर्शवणाऱ्या नोंदीची प्रत द्यावी.’ काळ एका वर्षाचाच ठेवा. पाच वर्षांचे मागितले की कलम ७(९) दाखवून ‘कार्यालयात येऊन पाहा’ असे उत्तर येते.

व्यापारी गोपनीयतेचे कलम ८(१)(ड) पुढे केले जाऊ शकते. सार्वजनिक तिजोरीतून दिलेली रक्कम हे व्यापारी गुपित नाही, एवढाच मुद्दा अपिलात मांडा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करा; राज्याच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयाकडे ते २० रुपयांचा स्टँप लावून करायचे. तिथेही नाही मिळाले तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील जाते. केंद्राच्या कार्यालयाचे दुसरे अपील मात्र दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे करायचे. अर्जाची पोच आणि उत्तराचे पाकीट टपालाच्या शिक्क्यासकट जपून ठेवा, मुदतीचा वाद निघाला तर तोच पुरावा.