साडेतीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करायची आहे, वेग कसा ठेवू?

हिशेबाने किलोमीटरला ४:५८ (४ मिनिटं ५८ सेकंद) पुरतात. पण वळणं आणि गर्दीतली नागमोडी धाव यांमुळे जीपीएस घड्याळात अंतर बहुतेकदा ४२.१९५ किमीपेक्षा जास्तच भरतं. म्हणून डोक्यात ४:५५ धरा आणि वेळ रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून बघा.

पहिले ५ किमी ५:०५ ने. सगळे पुढे जातील, जाऊ द्या! इथे गमावलेलं अर्धं मिनिट पुढे सहज भरून निघतं. इथे 'वाचवलेली' दोन मिनिटं मात्र ३२ किमीनंतर व्याजासकट फेडावी लागतात, कारण जोरात सुरुवात केली की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, भराभर संपतं. मग ५ ते ३२ एकाच लयीत. चढावर वेग नव्हे, दम सारखा ठेवा. एनर्जी जेल (ऊर्जेसाठीचा गोड, घट्ट रस) भूक लागायची वाट न पाहता घेत राहा. ३२ नंतर पायांत जोर उरला असेल तरच वाढवा.

अव्वल धावपटूही असंच करतात: केनियाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६०:४८ चा होता, दुसरा ५९:४७ चा, म्हणजे जास्त वेगाचा.

आणि हो, अलीकडची हाफ मॅरेथॉन १ तास ४० मिनिटांच्या आसपास नसेल, तर आधी लक्ष्यच बदला.